खारीचे पापुद्रे : विटाळापासून रक्तक्षयापर्यंत

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात. आम्हीही दरवर्षी भरवतो. निळे झेंडे, बाबासाहेबांची प्रतिमा, समोर टेबल, टेबलावर नोंदवही. सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत मुली उत्साहाने उभ्या राहतात आणि त्यातल्या कितीतरी रक्त न देताच परत फिरतात. बोटाला सुई टोचून रक्त तपासले जाते, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघते आणि "ताई, तुम्हाला देता येणार नाही" असे सांगितले जाते. मग आम्ही कार्यकर्ते काय करतो? त्यांना शेजारच्या टेबलाकडे नेतो आणि म्हणतो, "असू दे, चहा-खारी घेऊन जा."

गेल्या वर्षी हे करताना आम्हालाच थबकायला झाले. जिच्या रक्तात लोह कमी आहे म्हणून तिला परत पाठवले, तिच्याच हातात आपण लोह नसलेली खारी आणि अन्नातले लोह अंगी लागू न देणारा चहा देत होतो. हीच चहा-खारी आपल्या बैठकीत असते, अभ्यासिकेत असते, मयताच्या घरी असते आणि दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाताना पिशवीत असते. आपल्या चळवळीचा जणू अधिकृत नाश्ताच! तो तसा कसा झाला, हे इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे. या देशात बिस्किटाचा इतिहास हा चवीचा इतिहास कधीच नव्हता. तो आधी स्पर्शाचा इतिहास होता आणि नंतर भुकेचा झाला.

बिस्किटाने बाटणारा धर्म

पाव, बिस्किट, खारी हे पदार्थ भट्टीतले. मराठी मुलखात भट्टी आली ती पोर्तुगिजांबरोबर. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज आहे. पायाने मळतात म्हणून पाव, ही विटाळाच्या किळसेतून जन्मलेली व्युत्पत्ती. भट्टी चालवणारे हात गोव्याच्या ख्रिस्ती पाववाल्यांचे होते, मुसलमानांचे होते, पुढे पारशी आणि इराण्यांचे झाले. म्हणजे सवर्ण हिंदूच्या दृष्टीने सगळे परके. जातीच्या स्वयंपाकशास्त्रात पाण्यात शिजलेले ते 'कच्चे' आणि तुपात तळलेले ते 'पक्के'. पक्के एकवेळ दुसऱ्याच्या हातचे चालते, कच्चे चालत नाही. परधर्मीयाने पाणी घालून मळलेले पीठ म्हणजे तर विटाळाचा कळसच.

वसईकडे एक आख्यायिका आजही सांगितली जाते. पोर्तुगिजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले आणि सगळा गाव बाटला. ही गोष्ट नेहमी पोर्तुगिजांच्या कपटाचे उदाहरण म्हणून सांगतात. आपण ती उलट्या बाजूने वाचली पाहिजे. पावाचा तुकडा पाण्यात पडल्याने कोणाचा धर्म बदलत नाही. गावाला धर्माबाहेर काढले ते पावाने नव्हे, "तुम्ही बाटलात, आता परत येऊ नका" असे म्हणणाऱ्या जातीच्या कायद्याने.

ही झाली आख्यायिका. पुण्यातली गोष्ट मात्र कागदोपत्री नोंदलेली आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाचा कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी शहरातली मोठी मंडळी हजर होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. समाजसुधारणेचे अग्रणी असलेल्या रानड्यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. एका चहा-बिस्किटासाठी!

याच पुण्यात, याच दिवसांत काय घडत होते? २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा जोतीराव फुले यांचे निधन झाले. फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी ज्या शहरात एका माळ्याने अस्पृश्याला आपल्या हौदावर बोलावले होते, त्याच शहरातले पदवीधर पुढारी मिशनच्या बिस्किटाने बाटत होते. सुधारणा कोणाच्या घरात होती आणि कोणाच्या भाषणात होती, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते.

मग सवर्णांनी बिस्किट सोडले का? मुळीच नाही. १८९८ मध्ये दिल्लीत लाला राधामोहन यांनी 'हिंदू बिस्किट कंपनी' काढली. उच्चवर्णीय हिंदूंच्या हातची बिस्किटे, अशी तिची ओळख होती. बिस्किट तेच, पीठ तेच, भट्टी तीच. बदलले ते फक्त हात. जातिव्यवस्था नवा पदार्थ नाकारत नाही, त्याचा बनवणारा आपल्यातला करून घेते आणि पदार्थ पचवते. आज शुद्ध शाकाहारीचे हिरवे ठिपके आणि 'सात्त्विक'चे फलक बघताना ही कंपनी आठवावी.

वरून टाकता येणारे खाणे

आपल्या बाजूने बघितले तर चहाचे हॉटेल ही लढाईची जागा होती. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची कथा आपल्याला पाठ आहे. संस्थानच्या पागेत नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन भर शहरात 'सत्यसुधारक' हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, बरोबरच्या सवर्णांनाही घ्यायला लावला. राजाने एका महाराच्या हातचा चहा चारचौघांत पिणे ही त्या काळी हजार भाषणांच्या तोडीची कृती होती.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी हल्ला केला तेव्हा परिषदेच्या मंडपात लोक जेवत होते. त्यांचे अन्न मातीत तुडवले गेले. पाण्याइतकाच अन्नाचाही तो संगर होता. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागून खाणे सोडा, असे सांगितले. 'काय खातो' यापेक्षा 'कसे मिळवून खातो' हा प्रश्न त्यांनी आपल्यासमोर ठेवला.

पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन हा गुन्हा ठरवला. पण गावातल्या टपऱ्यांवर कानतुटका वेगळा कप कित्येक वर्षे टिकून राहिला. आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा. ते सांगतील, चहा वेगळ्या कपात वरून ओतला जायचा आणि बरणीतली खारी, बटर, टोस्ट हातावर वरून टाकला जायचा. कोरडा पदार्थ जातीला सोयीचा पडतो. न शिवता देता येतो, भांडे लागत नाही, पंगत लागत नाही. भाजी-भाकरी द्यायची तर समोर बसवावे लागते.

मुंबईने हे चित्र बरेच बदलले. गिरण्यांच्या पाळ्या, चाळीतल्या खोल्या, एका खोलीत दहा-दहा गडी. चूल पेटवायला ना वेळ ना जागा. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे पैसे टाकले की चहा, ब्रुन, मस्का, खारी मिळे आणि गावाकडच्या हॉटेलासारखी जात विचारली जात नसे. आपल्या माणसाला संगमरवरी टेबलावर इतरांच्या शेजारी बसून खाता आले, हे छोटे नव्हते. म्हणूनच खारीला आपल्या मनात जो मान आहे तो फुकाचा नाही. ती शहराची, पगाराची आणि बरोबरीची चव होती. आम्ही ती नाकारत नाही. पण जी चव एकेकाळी बरोबरीची खूण होती, तीच पुढे पोटभर जेवणाची जागा घेऊन बसली.

खारीच्या आत काय आहे?

खारी म्हणजे मूळची युरोपातली पफ पेस्ट्री. मैदा, मीठ आणि पाणी मळून लाटायचे, त्यावर घट्ट चरबीचा थर द्यायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचे. तीन पदरी घडी चार वेळा घातली की चरबीच्या एका थराचे ८१ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थरांमध्ये अडकते आणि पापुद्रे उचलते. आपल्याकडे ती खारट केली आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजली, म्हणजे दिवसेंदिवस टिकते.

युरोपात हा थर लोण्याचा असे. गरिबाच्या खारीत लोणी कुठून येणार? १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. वनस्पती तूप म्हणजे तेलात हायड्रोजन मिसळून केलेली घट्ट चरबी. तुपापेक्षा कितीतरी स्वस्त, थरासाठी योग्य आणि लवकर न खवटणारी. वनस्पती आणि तिची बहीण मार्जरीन यांच्यावरच आजची बहुतेक खारी उभी आहे. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले घटवते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. देशात तेला-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. म्हणजे डालड्यानंतर तब्बल ८५ वर्षांनी. तेवढ्या काळात आपल्या तीन पिढ्या खारी खाऊन मोठ्या झाल्या. आणि आजही सुट्या खारीच्या पिशवीवर कसली चरबी वापरली हे लिहिलेले नसते.

आता हिशेब मांडू. १०० ग्रॅम खारीत साधारण ५०० कॅलरी, २५ ते ३० ग्रॅम चरबी आणि ७-८ ग्रॅम प्रथिने. अभ्यासिकेतला मुलगा चहाबरोबर पाच-सहा खाऱ्या खातो, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. त्याला अडीचशे कॅलरी मिळाल्या, प्रथिने मात्र जेमतेम चार ग्रॅम. तेवढ्याच, म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांत किंवा शेंगदाण्यांत दहा-अकरा ग्रॅम प्रथिने असतात. दोन उकडलेल्या अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम.

पिठांची तुलना अजून बोलकी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात चोथा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत दहा ग्रॅम, बाजरीत साडेअकरा ग्रॅम. लोह मैद्यात पावणेदोन मिलीग्रॅम, ज्वारीत जवळपास चार, बाजरीत साडेसहाच्या जवळ. गहू दळून मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, त्यातच हे सगळे जाते. वर चहा. चहातले टॅनिन धान्य-भाजीतले लोह शरीराला मिळू देत नाही. म्हणजे चहा-खारी हा रक्त वाढवणारा नव्हे, असलेली तूट कायम ठेवणारा नाश्ता आहे.

"पण खारी हलकी असते ना? म्हणून तर आजाऱ्याला देतात." हा आपल्या समाजातला सर्वात मोठा गैरसमज. खारी हलकी लागते कारण पापुद्र्यांमध्ये हवा आहे. हवा वजनाला हलकी असते, चरबी नसते. मैदा, चरबी आणि मीठ असलेला हा पदार्थ मधुमेह, रक्तदाब आणि हृदयरोगाच्या माणसाला तर मुळीच हलका नाही. दवाखान्यात जाताना पिशवीत खारीऐवजी केळी, अंडी, मुगाचे कढण न्या.

आपल्या ताटातून काय गेले?

खारी रिकाम्या जागेत आलेली नाही. तिने कशाची तरी जागा घेतली. आपल्या आया-आज्यांच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी होती, रानभाज्या होत्या, सुकट-बोंबील होते, वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या होत्या. सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या याच खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तीही तिचे खोटे गोडवे न गाता. त्या ताटात जातीने लादलेली लाचारी होती हे खरेच, आणि ती बाबासाहेबांनी सोडायला लावली. पण लाचारी सोडणे म्हणजे प्रथिने सोडणे नव्हे.

प्रथिने आपल्याकडून इतरांनी काढून घेतली. १९७६ च्या कायद्यात गोहत्याबंदी होती, २०१५ मध्ये महाराष्ट्राने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घातली. गरिबाचे सर्वात स्वस्त मांस ताटातून गेले. रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ आला, ज्वारी-बाजरी मागे पडली. शहरात भाकरी थापायला वेळ नाही. ही पोकळी दहा रुपयांच्या पुड्याने भरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुंटलेली आहेत. आमच्या शिबिरातून परत गेलेल्या मुली याच आकड्यांतल्या.

ताटाऐवजी पुडा

इथे इतिहास वर्तमानाला भिडतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले जेवण द्या, असा आदेश दिला. दररोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या, असे सांगितले. या दोन आदेशांना आम्ही महाडच्या परंपरेत बसवतो. दलित बाईने शिजवायचे आणि सगळ्या जातींच्या मुलांनी एका रांगेत बसून खायचे.

आणि २००७ च्या सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे लिहिली. शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटे द्या. काही खासदारांनी ती मागणी मंत्र्यांपुढे नेली. अर्थतज्ज्ञ, अन्न अधिकाराचे कार्यकर्ते उभे राहिले, शिक्षण खात्यानेही नकार दिला आणि तो डाव फसला. फसला नसता तर काय झाले असते? मुलांच्या ताटातून डाळ, भाजी गेली असती, हे तर झालेच. पण त्याबरोबर दलित स्वयंपाकीण गेली असती आणि पंगतही गेली असती. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे खायला नकार दिला आणि तिला काढले गेले. अशा समाजाला पुडा फारच सोयीचा. शिवाशिव नाही, वाद नाही. बरणीतून वरून टाकलेल्या खारीचेच ते कारखान्यातले रूप!

महाराष्ट्रातही बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. न खाणाऱ्यांना केळे होतेच. तरी विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवला गेला. १८९० मध्ये प्रश्न होता, बिस्किट कोणाच्या हातचे? आज प्रश्न आहे, अंडे कोणाच्या धर्मात बसते? दोन्ही वेळा शुद्धतेचा विचार त्यांचा, उपास मात्र आपल्या लेकरांना.

आपण काय करायचे?

कोणी म्हणेल, गरिबाच्या चहातल्या खारीवरही आता तुमची बंदी? नाही. आम्ही शुद्ध-अशुद्ध मानत नाही, म्हणून कोणत्याच पदार्थाला विटाळ मानत नाही. भट्टीसमोर घाम गाळणारा कामगारही आपलाच, बहुजन आणि मुसलमान. त्याच्याविरुद्ध हा लेख नाही. खारी आवडते तर खावी, आठवड्यातून एक-दोनदा, चव म्हणून, दोन तुकडे. ती नाश्ता नाही, जेवण नाही, आजाऱ्याचे पथ्य तर नाहीच.

आमच्या गटाने यंदा ठरवले आहे. शिबिरात आणि बैठकीत फुटाणे-शेंगदाणे-गूळ आणि उकडलेली अंडी ठेवायची, चहा खाण्यानंतर तासाभराने. अभ्यासिकेत वर्गणीतून सकाळची मोडाची उसळ सुरू करायची. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक मुलीची नोंद ठेवायची आणि तिला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात की नाही, याचा पाठपुरावा करायचा. आपापल्या शाळेत शिजवलेले जेवण रोज मिळते का, स्वयंपाकीण कोण आहे, अंडे का थांबले, हे माहितीच्या अधिकारात विचारायचे. रेशनवर ज्वारी-बाजरी मागायची.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये पावाच्या तुकड्यावर आणि भाजलेल्या पापडावर रात्री काढल्या. ते अर्धपोटी राहिले कारण पैसे नव्हते आणि शिकायचे होते. त्यांच्या लेकरांनी अर्धपोटी शिकावे, यासाठी नव्हे. ज्या समाजाने पाण्यासाठी महाड केले, त्याने ताटासाठी गप्प बसू नये. पुढच्या १४ एप्रिलला आमच्या रांगेतून कमी मुली परत जाव्यात, एवढाच आमचा हिशेब आहे.

जय भीम!